अणू बांधायचा कुठे?

एमसीएम-४१ हे एका पांढऱ्या पावडरीचं नाव. घटक पाहिले तर ती वाळूच्याच जातीची, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचीच बनलेली. पण तिच्या कणाकणातून अतिसूक्ष्म बोगदे गेलेले असतात, सगळे एकाच मापाचे, एकमेकांना समांतर, षटकोनी मांडणीत. एकेका बोगद्याची रुंदी दोन ते दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन ते दहा. या बोगद्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ एका ग्रॅममागे हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. आपल्या हिशेबात दहा गुंठे. चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या पावडरीत दहा गुंठे जागा!

मोबिल या तेल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ साली ही पावडर जगापुढे आणली, तेव्हा या जागेकडे अनेकांची नजर गेली. पॅलेडियम, रोडियम, प्लॅटिनम अशा मौल्यवान धातूंचे अणू एकेक करून या भिंतींना रासायनिक बंधांनी बांधायचे. मग औषधाच्या, सुगंधाच्या, जीवनसत्त्वाच्या कच्च्या मालाचे रेणू त्यांच्यापाशी पाठवायचे आणि त्या रेणूंमध्ये हवा तेवढाच, हवा तिथेच बदल घडवून घ्यायचा. धातू घन आधाराला बांधण्याची ही खटपट एमसीएम-४१ च्याही दोन दशकं आधी सुरू झाली होती. तिचा मूळ हेतू व्यवहारी होता. महाग धातू वाया जाऊ नये, एवढंच पाहायचं होतं. तिच्यातून जे कळलं ते मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतं. धातू काय करील हे तो कुठे बांधला आहे यावरही ठरतं. ज्या आधाराला सगळे निव्वळ बैठक समजत होते, तो आधार स्वतः निवड करतो.

वेग सोपा, निवड अवघड

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी स्वतः शिल्लक राहतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना १८३५ च्या सुमारास मांडली. पण सेंद्रिय रसायनशास्त्रात नुसत्या वेगाने भागत नाही. औषधाच्या एका रेणूत हायड्रोजनला जोडून घ्यायला तयार असलेल्या पाच जागा असू शकतात आणि आपल्याला त्यांतली एकच हवी असते. बाकीच्या चार जागांना धक्का लागला तर हाती येतं ते औषध नव्हे, वेगळं करत बसावं लागणारं मिश्रण.

निवड चुकली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात अनेक दशकं होतं. द्रवरूप तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की तेल घट्ट होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांना धातूंच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या ज्या पद्धतीबद्दल १९१२ सालचं नोबेल मिळालं, तिच्यावरच वनस्पती तुपाचा उद्योग उभा राहिला. निकेलच्या पृष्ठभागावर दुहेरी बंधाला हायड्रोजनचे दोन अणू जोडले जातात, पण एकदम नाही, एकामागून एक. पहिला बसला की रेणू क्षणभर अर्ध्या अवस्थेत असतो. त्या अवस्थेत त्याने हायड्रोजन परत सोडून दिला तर दुहेरी बंध पुन्हा तयार होतो. मात्र मधल्या काळात साखळी स्वतःभोवती फिरू शकते, आणि नैसर्गिक तेलात वाकलेली असलेली साखळी आता सरळ होऊन बसते. हेच ट्रान्स फॅट. हृदयाला त्याचा होणारा अपाय लक्षात आल्यावर भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. निकेलने वेग दिला होता. निवड त्याला जमली नाही.

याच्या उलट उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या बाझलचं. हॉफमन-ला रोश या कंपनीत अ जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार करताना एक पायरी अशी होती की तिहेरी बंधाचा दुहेरी करायचा आणि तिथेच थांबायचं, एकेरी होऊ द्यायचा नाही. शिवाय दुहेरी बंधाची ठेवण वाकलेलीच हवी होती. हर्बर्ट लिंडलर यांनी १९५२ साली पॅलेडियम कॅल्शियम कार्बोनेटवर, म्हणजे खडूच्याच द्रव्यावर बसवलं, त्यात थोडं शिसं मिसळलं आणि अभिक्रियेच्या वेळी क्विनोलीन हे संयुग घातलं. शिसं आणि क्विनोलीन यांनी पॅलेडियमचा जोर मुद्दाम कमी केला. तिहेरी बंध धातूला घट्ट चिकटतो, दुहेरी तेवढा चिकटत नाही. जोर कमी झाल्यावर दुहेरी बंध पुढची अभिक्रिया होण्याआधीच सुटून जाऊ लागला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ही पावडर लिंडलर यांच्याच नावाने बाटलीतून निघते.

विरघळलेला धातू

लिंडलर यांच्या पॅलेडियममध्ये एक मूळची अडचण होती. धातूच्या कणावर कोपऱ्यावरचा अणू वेगळा, कडेवरचा वेगळा, सपाट भागावरचा वेगळा. प्रत्येकाची वागणूक थोडी निराळी, त्यामुळे त्यांना एकाच शिस्तीत आणणं कठीण. यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात वेगळी वाट रुळली. धातूचा कण वापरायचाच नाही, सुटा अणू वापरायचा. त्याच्याभोवती सेंद्रिय रेणूंचं कडं उभं करायचं आणि हा सगळा संच द्रावणात विरघळवायचा. या कड्यातल्या रेणूंना लिगँड म्हणतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जेफ्री विल्किन्सन यांनी असा जो उत्प्रेरक प्रसिद्धीस आणला, त्यात मध्यभागी रोडियमचा एक अणू, भोवती ट्रायफेनिलफॉस्फीनचे तीन रेणू आणि एक क्लोरीन आहे. इथे प्रत्येक रोडियम दुसऱ्या रोडियमसारखाच. लिगँड बदलला की वागणूक बदलते.

मग मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी लिगँडलाच डावे-उजवेपण दिलं. आपले दोन हात एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असतात, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. अनेक सेंद्रिय रेणूंचे असेच दोन हात असतात आणि शरीर त्यांच्यात काटेकोर फरक करतं. कार्वोन या रेणूचा एक हात स्पिअरमिंट पुदिन्याला त्याचा वास देतो, दुसरा हात शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतशोपेत सापडतो. पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या एल-डोपा या औषधाचाही एकच हात उपयोगी पडतो. नोल्स यांच्या रोडियमने तो हात निवडून बनवला. या कामासाठी त्यांना २००१ सालचं नोबेल मिळालं, रिओजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांच्यासोबत.

निवडीचा प्रश्न असा सुटत आला, पण दुसरा उभा राहिला. आमटीत घातलेलं मीठ परत काढता येत नाही. मसाल्याची पुरचुंडी मात्र स्वाद उतरला की उचलून बाजूला ठेवता येते. विरघळलेला रोडियम मिठाच्या वाटेने गेला होता. रोडियम अनेकदा सोन्याहून महाग असतो. शिवाय तो औषधात राहून चालत नाही. पॅलेडियमचंच पाहा. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडावाटे घेतलेल्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम शरीरात जाता कामा नये. एवढा अंश काढून टाकायचा तर शुद्धीकरणाची पायरी वाढते आणि तिच्याबरोबर विद्रावक, वेळ, खर्च हेही वाढतात. म्हणून मनात आलं की लिगँडसह तोच निवडक अणू घ्यावा आणि तो घनाला बांधून टाकावा.

मण्याच्या पोटात

बांधण्याची कल्पना शेजारच्या दालनातून आली. ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ साली प्रथिनांचे तुकडे पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर बांधून वाढवण्याची रीत दाखवली होती. प्रत्येक पायरीनंतर मणी गाळून धुवायचे, अशुद्धी वाहून जातात, रेणू मण्याला धरून राहतो. या कामाला १९८४ साली नोबेल मिळालं. मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट ग्रब्ज यांनी हेच मणी धातूसाठी घेतले. थर्मोकोल ज्या पॉलिस्टायरीनचा बनतो तेच हे पॉलिस्टायरीन, फक्त त्याच्या साखळ्या डायव्हिनिलबेंझिनने अधूनमधून एकमेकींना जोडलेल्या. त्यामुळे मणी विद्रावकात विरघळत नाही, नुसता फुगतो. ग्रब्ज आणि त्यांचे विद्यार्थी क्रोल यांनी साखळ्यांना फॉस्फीनचे गट लावले आणि त्या फॉस्फीनला विल्किन्सन यांचा रोडियम धरायला दिला. १९७१ साली हे काम प्रसिद्ध झालं.

मणी गाळता आले, पुन्हा वापरता आले. अपेक्षा तेवढीच होती. पण मोजमापात दुसरंच काही दिसलं. द्रावणातला रोडियम लहान आणि मोठ्या रेणूंना जवळजवळ सारख्याच वेगाने हायड्रोजन जोडत होता. मण्यातला रोडियम तसं करीना. सहा कार्बनचं कडं असलेलं सायक्लोहेक्झीन तो सहज घेई. बारा कार्बनचं कडं आलं की मंदावे. कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या, चार कडी जोडून बनलेल्या ताठर रेणूच्या बाबतीत तर तो दहापटीहून जास्त मंद पडला. धातू तोच, लिगँड त्याच जातीचा, हायड्रोजन तोच. फरक पडला होता तो मण्यामुळे. रोडियमपर्यंत पोहोचायला रेणूला साखळ्यांच्या जाळीतून वाट काढावी लागत होती आणि मोठ्या रेणूला ती वाट जड जात होती. आधाराने निवड केल्याचा हा स्पष्ट पुरावा होता.

दोन वर्षांनी याच गटाने आणखी विलक्षण गोष्ट दाखवली. टायटॅनियमचं एक संयुग हायड्रोजन जोडण्यात तरबेज आहे, पण द्रावणात त्याचे क्रियाशील रेणू एकमेकांना भेटतात, जोडीने बांधले जातात आणि निकामी होतात. ग्रब्ज यांनी ते जास्त घट्ट विणीच्या पॉलिस्टायरीनला बांधलं. ताठर साखळ्यांवर बसलेले दोन टायटॅनियम एकमेकांपर्यंत पोहोचू शकेनात, म्हणून ते निकामी होईनात, आणि द्रावणातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त काम करू लागले. बांधल्याने उत्प्रेरक मंदावतो असाच तेव्हाचा समज होता. इथे बांधल्यामुळेच त्याचा जीव वाचला होता. पुढे द्विबंधांची अदलाबदल घडवणाऱ्या उत्प्रेरकांसाठी ग्रब्ज यांना २००५ साली नोबेल मिळालं, पण त्यांच्या या सुरुवातीच्या मण्यांनी एका वेगळ्याच शाखेचं बीज टाकलं होतं.

सिलिकाची भिंत

पॉलिस्टायरीन फुगतं, मऊ पडतं, उष्णतेत टिकत नाही. सिलिका या सगळ्याला पुरून उरते. तिच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात, त्यांना सिलॅनॉल म्हणतात. धातू इथे अडकवायचा. सर्वसाधारण स्थितीत सिलिकाच्या एका चौरस नॅनोमीटरवर असे पाचेक गट असतात. ती निर्वातात तापवत नेली की शेजारशेजारचे दोन गट पाण्याचा एक रेणू सोडतात आणि त्यांच्या जागी ऑक्सिजनचा पूल उरतो. सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर चौरस नॅनोमीटरमागे सुमारे एक गट शिल्लक राहतो. म्हणजे भट्टीचं तापमान ठरवलं की धातूच्या दोन अणूंमधलं अंतर ठरतं. अणूंची पेरणी इतक्या साध्या साधनाने आटोक्यात येते, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी थक्क करते. फ्रान्समध्ये लिऑन इथे जाँ-मारी बासे यांच्या गटाने याच पायावर पृष्ठभागावरच्या धातुसंयुगांचं सगळं शास्त्र उभं केलं.

धातू थेट ऑक्सिजनला जोडायचा नसेल तर मध्ये दुवा घालतात. त्याच्या एका टोकाला सिलिकॉन, त्यावर तीन इथॉक्सी गट; ते सिलॅनॉलशी भिडले की अल्कोहोल बाहेर पडतं आणि दुवा भिंतीला पक्का होतो. दुसऱ्या टोकाला अमाइन किंवा फॉस्फीन असतं, ते धातूला धरतं. हा दुवा फार आखूड ठेवला तर धातू भिंतीला टेकतो आणि रेणूला जवळ यायला जागा उरत नाही. फार लांब ठेवला तर दोन धातू वाकून एकमेकांना गाठतात. मधलं माप प्रत्येक अभिक्रियेसाठी प्रयोगानेच शोधावं लागतं.

आता पुन्हा एमसीएम-४१ च्या बोगद्यांकडे येऊ. केंब्रिजमधले जॉन मेरिग थॉमस, ब्रायन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली डावे-उजवेपण असलेला पॅलेडियमचा एक उत्प्रेरक या बोगद्यांच्या आतल्या भिंतीवर बांधला. ज्या अभिक्रियेवर त्यांनी तो तपासला तिच्यातून दोन प्रकारचे रेणू निघू शकतात, सरळ साखळीचे आणि फांदी फुटलेले. डावे-उजवे हात फक्त फांदीवाल्यांना असतात. मोकळ्या द्रावणात हाच उत्प्रेरक जवळपास सगळे सरळ साखळीचेच रेणू देत होता. छिद्रं नसलेल्या सिलिकाच्या बाहेरच्या अंगावर बांधल्यावरही फारसा फरक पडला नाही. बोगद्याच्या आत बांधल्यावर मात्र फांदीवाल्या रेणूंचं प्रमाण खूप वाढलं, आणि त्यांतले बहुतेक सगळे एकाच हाताचे निघाले. आतली भिंत अंतर्वक्र असते. उत्प्रेरकाजवळ आलेल्या रेणूला दोन दिशांनी बसता आलं असतं, तर भिंतीने त्यातली एक दिशा जवळजवळ बंद करून टाकली. भिंत सिलिकाची, तिला स्वतःला डावं-उजवं काही नाही. तरीही तिच्या नुसत्या वळणाने हाताची निवड धारदार झाली!

याहून पुढचं टोक इटलीत एनिकेम कंपनीने गाठलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संशोधकांनी टायटॅनियमचे अणू सिलिकाच्या स्फटिकाच्या सांगाड्यातच बसवले. टीएस-१ नावाच्या या स्फटिकात काही सिलिकॉनच्या जागी एकेकटा टायटॅनियम असतो, आणि छिद्रांचा व्यास अर्ध्या नॅनोमीटरच्या जरासा वर. हायड्रोजन पेरॉक्साइडमधला एक ऑक्सिजन तो प्रोपिलीनला जोडतो, प्रोपिलीन ऑक्साइड तयार होतं आणि मागे राहतं फक्त पाणी. फोमच्या गाद्यांसाठी लागणाऱ्या पॉलियुरेथेनचा कच्चा माल प्रोपिलीन ऑक्साइडपासून बनतो. जुन्या क्लोरीनच्या पद्धतीत क्षारांनी भरलेलं सांडपाणी टनावारी निघत असे. दक्षिण कोरियात उल्सान इथे २००८ पासून ही नवी पद्धत कारखान्यात चालू आहे.

सुटलेला अणू

या क्षेत्रातल्या सर्वांत कठीण प्रश्नाचा विचार केल्याशिवाय हे आश्चर्य पूर्ण होत नाही. धातू बांधला असं आपण म्हणतो. पण काम करताना तो बांधलेलाच असतो का?

पॅलेडियमच्या बाबतीत याचं उत्तर अनेकदा नकारार्थी निघालं. दोन कार्बन-साखळ्या जोडणाऱ्या हेक आणि सुझुकी यांच्या अभिक्रिया आज औषधनिर्मितीच्या पाठीचा कणा आहेत. त्यांना २०१० साली नोबेलही मिळालं. त्या घनावरच्या पॅलेडियमने घडवल्या असं दाखवणारे शेकडो शोधनिबंध आले. बारकाईने पाहिल्यावर कळलं की कच्च्या मालातला आयोडीन किंवा ब्रोमीन असलेला रेणू पॅलेडियमचा अणू पृष्ठभागावरून उचलून द्रावणात नेतो. तिथे विरघळलेल्या अवस्थेत अभिक्रिया होते आणि कच्चा माल संपत आला की अणू पुन्हा घनावर जाऊन बसतो. शेवटी गाळलं तर द्रावण स्वच्छ दिसतं, घन पुन्हा वापरता येतो, आणि संशोधकाची खात्री पटते की धातू कधी सुटलाच नव्हता.

हा भ्रम पकडण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी काढलेल्या युक्त्या बुद्धीला सुखावणाऱ्या आहेत. पहिली युक्ती गरम गाळणीची. अभिक्रिया निम्म्यावर आली की मिश्रण गरम असतानाच घन गाळून काढायचा. थंड होऊ दिलं तर सुटलेले अणू परत घनावर बसतील आणि पुरावा जाईल. गाळलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे चालू राहिली तर काम करणारा धातू विरघळलेला होता. दुसरी युक्ती ज्युलियस रेबेक यांची. इथे कच्चा मालच दुसऱ्या घनाला बांधून टाकतात. दोन घन एकमेकांच्या आत शिरू शकत नाहीत. तरीही अभिक्रिया झाली तर मध्ये कुणीतरी द्रावणातून प्रवास केला असला पाहिजे, आणि तो प्रवासी म्हणजे सुटलेला धातू. तिसरी युक्ती पाऱ्याची. पॅलेडियमच्या कणांवर पारा चढला की ते बंद पडतात. लिगँडांच्या कड्यात सुरक्षित असलेल्या सुट्या अणूला सहसा धक्का लागत नाही. एकटी कोणतीच चाचणी निर्णायक नसते, म्हणून चांगले संशोधक त्या एकत्र वापरतात.

पुन्हा पुन्हा वापरण्याच्या दाव्यातही एक खाच असते. पाच वेळा वापरूनही उत्पादन ९८ टक्केच आलं, असा तक्ता पुष्कळ निबंधांत दिसतो. उत्प्रेरक गरजेपेक्षा जास्त घातला असेल आणि अभिक्रिया रात्रभर चालू ठेवली असेल, तर अर्धा धातू गेला तरी सकाळी उत्पादन तेवढंच भरतं. खरी स्थिती कळते ती प्रत्येक वेळच्या सुरुवातीच्या वेगावरून. तो मोजलेला नसेल तर टिकाऊपणाबद्दल आपल्याला फारसं काही कळलेलं नाही.

पाषाणपासून टोकियोपर्यंत

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध खरा आणि जुना आहे. पुण्यात पाषाण रस्त्यावर १९५० साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट हे सच्छिद्र स्फटिक आणि टीएस-१ या दोन्हींवर पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केलं. याच प्रयोगशाळेतल्या रघुनाथ चौधरी यांच्या गटाने १९९५ साली 'नेचर'मध्ये एक सुंदर उत्तर मांडलं. जर्मनीत ओबरहाउझेनला १९८४ पासून रोडियम पाण्यात विरघळवून ठेवण्याची पद्धत चालू होती. उत्पादन तेलासारख्या वरच्या थरात जातं, धातू खाली पाण्यात राहतो. पण लांब साखळीचे रेणू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, म्हणून त्यांची अभिक्रिया रखडते. चौधरी यांच्या गटाने वरच्या थरात असा फॉस्फीन घातला जो पाण्यात उतरत नाही पण रोडियमला ओढतो. रोडियम दोन द्रवांच्या सीमेवर येऊन उभा राहिला आणि वेग कित्येक पटींनी वाढला. इथे घन आधार नव्हताच. अणूसाठी निवडलेली जागा म्हणजे दोन थरांमधली रेघ होती. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव यांनी टंगस्टनयुक्त आम्लं मातीच्या थरांवर बसवून त्यांच्याकडून सुगंधी द्रव्यं आणि औषधी कच्च्या मालाच्या अभिक्रिया करून घेतल्या. एरवी या कामी वापरली जाणारी द्रवरूप आम्लं शेवटी सांडपाण्यात जातात.

बांधलेल्या उत्प्रेरकांनी कारखान्याचं रूप कसं बदलू शकतं, ते टोकियो विद्यापीठातल्या शू कोबायाशी यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं. रोलिप्रॅम नावाचं औषधी संयुग त्यांनी नळ्यांच्या मालिकेतून बनवलं. प्रत्येक नळीत घन उत्प्रेरक भरलेला. एका टोकाने साधा कच्चा माल आत जातो, आठ पायऱ्या वाटेतच पार पडतात आणि दुसऱ्या टोकाला रोलिप्रॅम बाहेर येतं. मधल्या कुठल्याही टप्प्यावर काही वेगळं काढावं लागत नाही. हाताची निवड करणाऱ्या नळीत पॉलिमरला बांधलेल्या लिगँडच्या कुशीत कॅल्शियम होता, चुन्यातला स्वस्त कॅल्शियम. ती एक नळी काढून आरशातल्या प्रतिबिंबाची नळी बसवली की शेवटी औषधाचा दुसरा हात बाहेर येत होता. विरघळलेल्या उत्प्रेरकाने हे जमणं फार अवघड होतं, कारण पहिल्या पायरीचा धातू दुसऱ्या पायरीत शिरून घोळ घालतो. बांधलेला धातू आपल्या नळीतच राहतो.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांना मला एक आग्रहाची विनंती करायची आहे. उत्प्रेरकाचा कोणताही नवा दावा वाचाल तेव्हा धातूच्या नावावर थांबू नका. तो कशाला बांधला आहे, दोन अणूंमध्ये किती अंतर आहे, भिंत सपाट आहे की वळलेली, आणि अभिक्रिया चालू असताना तो खरोखर बांधलेला होता हे कोणत्या चाचणीने सिद्ध केलं, हे विचारा. प्रयोगशाळेत स्वतः असा उत्प्रेरक बनवाल तेव्हा गरम गाळणी करा आणि प्रत्येक वापराचा सुरुवातीचा वेग वहीत लिहा, आकडा मनासारखा येवो न येवो. रोडियम आणि पॅलेडियम पृथ्वीवर फार थोडे आहेत. त्यांचा प्रत्येक अणू नेमक्या जागी बसवून त्याच्याकडून अचूक काम करून घेणं, हे येत्या काळातल्या रसायनशास्त्रज्ञांचं सर्वांत उपयोगी कौशल्य ठरणार आहे.